मंगळवेढ्याची गाठ

मंगळवेढ्याला माणसे जातात ती दोन कारणांनी. एक तर दामाजीपंतांच्या दर्शनाला, नाही तर हुरडा खायला. मी गेल्या माघात तेथे गेलो तो मात्र मामींच्या एका फोनमुळे. मामी फोनवर फार बोलत नाहीत. आपला आवाज इतक्या लांब जायला पैसे पडतात, ही त्यांची जुनी समजूत अजून गेलेली नाही. “दिवाळीपासनं नदीवर गेलेले न्हाईत,” एवढेच त्या म्हणाल्या. “तू ये. पोराला बी घिऊन ये.”

कोण नदीवर गेले नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारावे लागले नाही. माझे मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. काळ्या रानात ज्वारी पिकवणे हा त्यांचा धंदा, आणि भीमेत गळ टाकून बसणे हा नाद. मंगळवेढे पडले संतांचे गाव. निम्म्या गावाच्या गळ्यात तुळशीची माळ. मामांनी मात्र माळ घातली नाही. कारण विचारले तर ते नुसते नदीच्या दिशेने बोट दाखवीत. असा माणूस तीन महिने नदीवर जात नाही, याचा अर्थ काहीतरी बिनसले आहे, हे उघड होते. शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडली आणि चिरंजीवांना घेऊन निघालो.

पंढरपूर मागे पडले की पंचवीसएक किलोमीटरवर मंगळवेढे येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट जमीन आणि तिच्यावर छातीपर्यंत उभी ज्वारी. याच ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण कागदावर शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी तिची कीर्ती एका कथेने सांगून ठेवली होती. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार खुले केले, ती कथा. कान्होपात्रा याच गावची. चोखोबा येथेच गेले. गावकुसाचे काम चालू असताना ते अंगावर कोसळले, असे परंपरा सांगते. इतक्या सत्पुरुषांच्या गावात मी मासे धरण्याविषयी लिहीत आहे, याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

चिरंजीवांचे वय पंधरा. बरोबर त्यांची एक पेटी होती. तीत लहान लहान कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक बनावट आमिष. एक लाकडी मासोळी, तिच्या ओठाखाली पारदर्शक जीभ. पाण्यातून ओढली की ती जिभेच्या जोरावर अंग हलवीत पोहते. एक रबरी बेडूक. एक चमच्यासारखा चकचकीत पत्रा, एक गरगर फिरणारी फिरकी. सगळी खरेदी खाऊच्या पैशांतून झालेली. मामांनी पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “जत्रा भरवलीस की रं पोरा!”

“आजोबा, उद्या नदीवर येणार ना?”

“येतो की. बसाया येतो.”

उजवा हात त्यांनी बंडीच्या खिशात घातला होता. थंडी होती, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर आम्ही सोलापूरच्या रस्त्याने माचणूरला गेलो. थंडीत मरळ मासा सुस्तावलेला असतो; पाणी जरा तापल्याशिवाय तो हलत नाही, असे मामांचे म्हणणे. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि खाली घाट आहे. शेजारी ब्रह्मपुरी. 1695 ते 1699 अशी चार वर्षे औरंगजेब बादशहा येथे छावणी ठोकून बसला होता. सारा मुलूख घशात घालायला निघालेला हा माणूस याच पाण्याकडे पाहत किती संध्याकाळी बसला असेल, कोण जाणे! देवळाच्या घाटावर गळ टाकायचा नाही, हा मामांचा नेम. म्हणून काठाकाठाने पुष्कळ खाली गेलो. नदीचा तो पट्टा मच्छीमार सोसायटीकडे आहे. मामांनी त्यांच्या माणसाला आधी विचारून घेतले होते.

आता भीमेचे पाणी म्हणजे उजनीची मर्जी. 1980 साली ते धरण पुरे झाले, तेव्हापासून वरून पाणी सोडले तर नदी, नाही तर बंधाऱ्याबंधाऱ्यांमागे साठलेले डोह. आमच्या वाट्याला असाच एक डोह आला होता. काठाला लव्हाळे, पाणी संथ आणि हिरवट. मधूनच एखादी मरळ हवा घ्यायला वर येई आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटवून जाई.

चिरंजीव दोरी ओवू लागले. वेळ काढावा म्हणून मी मामांना एक गोष्ट सांगितली. मास्तरकी केलेल्या माणसाला नदीकाठीसुद्धा गप्प बसवत नाही.

बाराव्या शतकात कल्याणीला चालुक्यांचे राज्य होते आणि मंगळवेढ्याला त्यांचे मांडलिक कलचुरी. पुढे ज्याने चालुक्यांचे सिंहासनच बळकावले तो बिज्जल या मंगळवेढ्याचा, आणि महात्मा बसवेश्वरांच्या नोकरीची सुरुवातही येथलीच. त्या काळचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याने 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून जेवण कसे रांधावे येथपर्यंत सगळे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातलीच. आणि राजाच्या करमणुकींमध्ये एक आहे ‘मत्स्यविनोद’, म्हणजे गळाने मासे धरणे! कोणता मासा कसा, कोणाला काय खाऊ घालावे, काठी-दोरी-गळ कसे असावेत, हे सारे त्यात सांगितले आहे. इंग्रजांचा वॉल्टन गळाच्या छंदावरचे आपले पुस्तक घेऊन आला 1653 साली, म्हणजे पाच शतकांनी. आपल्याकडे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

मामांनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “राजा गाठ सवता बांधायचा का?”

“म्हणजे?”

“गळाला दोरी सवता बांधायचा, का कुनी बांधून द्यायचं?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तेवढ्यात चिरंजीव ओरडले.

काठी कमानीसारखी वाकली होती. लव्हाळ्याच्या कडेला पाणी फुटले, एक काळपट पाठ दिसली, आणि पुढच्या क्षणी काठी सरळ झाली. दोरी वाऱ्यावर हलत परत आली. लाकडी मासोळी गेली. पोराचा चेहरा इतका उतरला की काय बोलावे ते मला कळेना.

“दोरी तुटली,” तो म्हणाला.

“टोक दाव,” मामा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने दोरीचे टोक डोळ्यांजवळ धरले. “तुटली न्हाई. सुटली. ह्ये बघ.”

दोरीच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे पडले होते. मामांनी सांगितले ते मी येथे नोंदून ठेवतो, कारण ज्याला गळ टाकायचा आहे त्याला ते पुस्तकाहून उपयोगी पडेल. टोकाला असे वेटोळे असेल तर गाठ सरकून सुटली. टोक पिंजलेले, खरबरीत असेल तर दोरी दगडाला घासली. आणि चाकूने कापल्यासारखे स्वच्छ असेल तर माशाचे दात लागले. पहिला दोष बांधणाऱ्याचा, दुसरा जागेचा, तिसरा माशाचा. “आन् निदान पहिला तरी आपल्या हातात आसतो,” असे म्हणून ते थांबले. मग हात पुन्हा खिशात घालून म्हणाले, “चला घरी.”

सबंध रस्ताभर पोरगा बोलला नाही. मला वाईट वाटत होते ते वेगळ्याच गोष्टीचे. ती मासोळी त्या मरळीच्या ओठात अडकून राहिली असणार. गाठ आपली चुकते आणि भोगतो मासा.

संध्याकाळी मामांनी पोराला गोठ्यात बोलावले. गाईचे एक जुने दावे काढले आणि त्याचे टोक खुंट्याच्या लोखंडी कडीजवळ नेले. “ही कडी म्हंजी तुझ्या खोट्या माशाचं नाक,” ते म्हणाले. “आता सांग, गाय कशी बांधत्यात?”

“दाव्याने.”

“खुंट्याला कशी गाठ, आन् गळ्यात कशी?”

चिरंजीव पुण्याचे. त्यांना सुरगाठ म्हणजे काय आणि निरगाठ म्हणजे काय, इथपासून सांगावे लागले. टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. ओढाल तितकी घट्ट होते ती निरगाठ. खुंट्याला दावे घट्टच हवे. पण जनावराच्या गळ्यात आवळत जाणारी गाठ कोणी मारीत नाही. तेथे फेरा लागतो, तोही न आवळणारा, म्हणजे मान हलते, चारा खाता येतो. आणि गाय खुंट्याभोवती फिरते, तिच्याबरोबर दाव्याला पीळ पडत जातो. म्हणून मध्ये भोवरकडी. “काय हलाया पायजे आन् काय हलता कामा न्हाई, ह्ये आधी ठरीव. मग गाठ निवड,” मामा म्हणाले.

मग त्यांनी दाव्यावर एकेक गाठ करून दाखवली. जाड दावे असल्यामुळे वेढे स्वच्छ दिसत होते.

पहिली घट्ट गाठ. टोक कडीतून ओवायचे, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, कडीलगत जी लहान फट राहते तिच्यातून टोक परत काढायचे, आणि त्यामुळे जो मोठा फेरा होतो त्याच्याही आतून घेऊन ओढायचे. साध्या नायलॉनला आणि साध्या गळाला ही पुरते. गांडूळ लावलेल्या गळाला नाचायचे नसते. ज्या आमिषाच्या नाकात आधीच एक सुटे वळे बसवलेले असते, त्याच्या वळ्यालाही हीच चालते, कारण हलण्याचे काम वळे करते.

पण पोराची दोरी नायलॉनच्या एकाच तारेची नव्हती. ती नव्या जातीची, बारीक धाग्यांची विणलेली, रेशमासारखी गुळगुळीत. तिच्यावर थोड्या वेढ्यांची गाठ धरत नाही, सरकते. सकाळी नेमके हेच झाले होते. तिला दुसरी गाठ, दुहेरी दोरीची. दोरी दुमडून कडीतून ओवायची, त्या दुहेरी दोरीची एक साधी गाठ सैल मारायची, आणि पुढे आलेल्या फासातून सबंध गळच पलीकडे काढून मग आवळायची. ही सहसा सरकत नाही. मात्र तीन-तीन काटे लोंबणारी मोठी मासोळी त्या फासातून काढताना बोटात काटा शिरण्याचीच शक्यता जास्त.

तिसरी फेऱ्याची. ही गाईच्या गळ्यातली. आधी दोरीवर एक साधी सैल गाठ मारून ठेवायची. टोक कडीतून ओवून त्या सैल गाठीतून परत आणायचे, मूळ दोरीभोवती चार-पाच वेढे द्यायचे, आणि पुन्हा त्याच सैल गाठीतून काढून ओढायचे. कडीपुढे करंगळीच्या टोकाएवढा फेरा राहतो आणि तो आवळत नाही. मासोळी त्या फेऱ्यात मोकळी डुलते. तिच्या नाकावरच घट्ट गाठ बसली, तर ती वेसण घातलेल्या बैलासारखी ताठ चालते, आणि शहाणा मासा अशा ताठ मासोळीकडे बघत नाही.

“आणि फिरकीला?” पोराने विचारले. त्याचे डोळे आता चमकू लागले होते.

“तूच सांग.”

“भोवरकडी!”

“बराबर. न्हाई तर दोरीला पीळ.”

“आणि आजोबा, ही?” त्याने पेटीतून सेफ्टी पिनेसारखी एक बारीक क्लिप काढली. ती दोरीला एकदा बांधून टाकली की आमिष बदलायला पुन्हा गाठ मारावी लागत नाही. उघडायची, अडकवायची, मिटायची.

“चाप? त्यो आळशाचा धंदा,” मामा म्हणाले. आक्षेप नुसता आळसाचा नव्हता. हलका चाप जोराच्या माशाने उघडतो, आणि जड चाप लहान आमिषाचे नाक खाली ओढतो. तरंगता बेडूक तर बुडायलाच लागतो. “आन् कुठलीबी गाठ आवळायच्या आधी थुंकीनं वली कर. कोरडी आवळली की नायलॉन घासून तापतं, आन् तिथंच कमजोर हुतं. मग वढून बघ. मासा गाठ तपासंल, त्याच्या आधी आपुन तपासावी.”

हे नायलॉन तरी काय कालचेच. अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने ते 1938 साली जाहीर केले. मामांचे आजोबा सुताची दोरी पिळून वापरीत. ती कुजे, पण गाठ चांगली धरी. गुळगुळीत दोरी आली आणि गाठीची विद्या वाढवावी लागली.

हे सारे ऐकताना माझे लक्ष दाव्यावर होते. मग ते मामांच्या उजव्या हाताकडे गेले. तो हात थरथरत होता. दावे जाड होते म्हणून गाठ चुकत नव्हती. पण त्या हाताने केसाएवढी बारीक दोरी मोहरीएवढ्या भोकात ओवणे शक्य नव्हते. मला एकदम सगळे समजले. खिशातला हात समजला, दिवाळीपासूनची नदी समजली, आणि राजाबद्दलचा प्रश्नही समजला.

रात्री चुलीपुढे मामी हळूच म्हणाल्या, “डाक्टर म्हनले, कंपवात हाय. गोळ्या चालू हायती. चा मी बशीत वतून देते, त्याचं काय न्हाई. पर गळ दुसऱ्याकडनं बांधून घ्यायचा, त्ये त्यास्नी सोसना.” चिरंजीव भाकरी मोडत बसले होते. ते ऐकत होते की नाही, मला कळले नाही.

रविवारी आम्ही पुन्हा त्याच डोहावर गेलो. पोराने काल उरलेली दुसरी मासोळी घेतली. गुळगुळीत दोरीच्या पुढे हातभर जाड नायलॉन जोडले, कारण मरळीला दात असतात. नायलॉनच्या टोकाला फेऱ्याची गाठ मारली, ओली केली, आवळली आणि मामांपुढे धरली. मामांनी डाव्या हाताने ती दोनदा ओढून पाहिली. “बसली,” ते म्हणाले.

तासभर काही लागले नाही. मग लव्हाळ्याजवळ ओळखीचे पाणी फुटले. यावेळी काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. हातभर लांबीची मरळ काठावर आली, तेव्हा मामा उठून उभे राहिले होते आणि दोन्ही हात खिशाबाहेर होते. कालचीच होती का ती? तिच्या तोंडात दुसरी मासोळी नव्हती, एवढे मात्र मी वाकून पाहिले. पावसाळ्यात मरळ आपल्या पिलांची राखण करीत बसते, तेव्हा मामा तिच्यावर गळ टाकीत नाहीत. आता माघ होता. मामींनी रात्री कालवण केले आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्ही ते खाल्ले.

सोमवारी निघायच्या वेळी चिरंजीव दिसेनात. शोधले तर गोठ्याच्या पायरीवर बसलेले. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाच्या एका कांडीला त्यांनी बारीक खाचा पाडल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत वीतभर नायलॉनचा एक तुकडा गुंडाळला होता. असे बारा तुकडे. प्रत्येकाच्या एका टोकाला गळ किंवा आमिष, ज्याला जी हवी त्या गाठीने बांधलेले. दुसऱ्या टोकाला मोठा फेरा. मामांच्या जुन्या काठीच्या दोरीला त्यांनी भोवरकडी आणि तिच्यापुढे एक चांगला दणकट चाप बसवला होता. चाप आमिषापासून वीतभर लांब, म्हणजे आमिषाचे नाकही खाली ओढले जायचे नाही. अंगठ्याने चाप उघडायचा, फेरा अडकवायचा, मिटायचा. डाव्या हाताने होते. त्याने करून दाखवले.

मामा बराच वेळ त्या कांडीकडे पाहत राहिले. “चाप लावलास व्हय,” ते म्हणाले. मग, “ठेव तिथं वळचणीला.” हात लावला नाही. परतीच्या वाटेवर पोराने दोनदा विचारले, “बाबा, आजोबांना राग आला का?” मला उत्तर देता आले नाही.

चैत्रात मामींचा फोन आला. आवाजात तक्रार होती. “काल दिवस बुडला तरी पत्त्या न्हाई. जिवाला घोर. मासा बी न्हाई गावला. काय म्हनावं या मानसाला!” इतके सलग त्या फोनवर पहिल्यांदाच बोलल्या. मग मागून मामांचा आवाज आला आणि फोन त्यांच्या हातात गेला.

“मास्तर, त्यो राजा गाठ सवता बांधायचा का, गावलं का तुझ्या पुस्तकात?”

“नाही मामा. शोधतोय.”

“नगं शोधू. त्याला बी कुनीतरी बांधून देतच आसंल की.” थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. “पोराला म्हनावं, पाचच ऱ्हायल्यात. सुट्टीत ये, आन् आनखी बांधून दे.”